उभा केला की बंद

दादानं घरच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर बसवला आणि आमच्या घरात रोजची मारहाण सुरू झाली. तशी बाबांच्या हाताची सवय जुनीच. सरकारी खात्यात ओव्हरसिअर. ऑफिसात साहेबासमोर तोंडातून शब्द निघायचा नाही, घरी आले की दादाची कॉलर. मी मुलगी, म्हणून माझ्यावर कधी हात टाकला नाही. माझ्या वाटचा मारही बिचाऱ्या दादानंच खाल्ला.

दादा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तेव्हा मोजक्याच घरी कॉम्प्युटर होते. जुना प्रोसेसर कासवासारखा चालायचा, म्हणून तो गोंदियाला जाऊन नवा घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं बसवला. दसऱ्यापर्यंत मशीन काय पळालं! दसरा झाला आणि बिनसलं. दहा-पंधरा मिनिटं चालायचं, की फट्‌कन स्क्रीन काळी, आणि आपोआप पुन्हा सुरू.

"चालत होतं ते काहून उकललं?" बाबांचा पहिला प्रश्न, आणि उत्तराच्या आधी थोबाडीत.

दादानं काय नाही केलं! मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासली. विंडोज पुसून परत टाकलं. मित्राकडचा पॉवर सप्लाय लावून पाहिला. प्रोसेसरवरची पेस्ट काढून नवी लावली. गंमत म्हणजे कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर आडवा, झाकण उघडं, असं चालवलं की मशीन तासन्‌तास चालायचं. झाकण लावून टेबलाखाली उभं केलं, की मेलंच. दादा बाबांना म्हणायचा, "झालं, बाबा, आता नीट झालं." बाबा खुर्ची ओढून बसायचे, आणि नेमकं त्यांच्यासमोर बंद.

एकदा असंच झालं आणि बाबांनी कीबोर्ड उपसला. वायरीसकट. दादाच्या पाठीवर घातला, एकदा, दोनदा, फुटेपर्यंत. बटणं खोलीभर उडाली. दादा भिंतीला तोंड करून उभा. हूं नाही की चूं नाही. बाबा बेल्टानं मारायचे तेव्हा तरी ओरडायचा. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात कोंबून रडत होती. मला तिचाही संताप आला. अगं, मध्ये तरी पड!

"दिवाळीपर्यंत हे नीट नाही झालं," बाबा धापा टाकत म्हणाले, "त कॉलेज बंद. तुह्या मामाच्या राइस मिलवर पाठवतो लालबर्‍याले. पोते शिव थेच."

ते नुसतं बोलणारे नव्हते. मामांना निरोपही गेला. त्या दिवसापासून दादा जेवेना. मी पलंगाखालून बटणं वेचली, आणि प्रत्येक बटणागणिक मनातल्या मनात बाबांना शिव्या घातल्या.

दिवाळीच्या तोंडावर बाबा उकव्याकडे दौऱ्यावर गेले. संध्याकाळी दादानं पुन्हा डबा उभा केला, पुन्हा बंद. माझं डोकंच फिरलं. "मर एकदाचा!" म्हणत मी डब्याला अशी लाथ घातली, की तो आडवा झाला. आत काहीतरी खुळखुळलं.

"थांब," दादा म्हणाला. "परत हालव."

प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो आणि ठोकळ्यावर छोटा पंखा. दादानं आजवर दोन्ही मिळून काढले होते. पंखा वेगळा कधी केलाच नव्हता. आता त्याचे स्क्रू काढले. पंख्याच्या पोटाखाली कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे. डबा आडवा असला की दाणे खाली पडून राहायचे. उभा केला की घसरून पात्यात अडकायचे. पंखा थांबला की प्रोसेसर तापायचा.

दसऱ्याला बाबांनीच झाकण काढायला लावलं होतं. "यंत्राची पूजा वरवर करत नाहीत," म्हणत मूठभर अक्षता आत टाकल्या होत्या. दादानं नंतर ब्रशनं सगळं झाडलं, पण हे दाणे पंख्याच्या जाळीतून आत गेलेले.

"बाबाले सांगू नको," दादा म्हणाला. "चालू झालं ना, बस."

मी कशाची गप्प बसते! सकाळी बाबा आले. कॉम्प्युटर टेबलाखाली उभा, झाकण लावलेला, मजेत चाललेला. मी दाणे त्यांच्या तोंडासमोर धरले. "पाहा. तुमच्या अक्षता. ह्याच्यासाठी त्याची पाठ फोडली तुम्ही. त्याची माफी मागा."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर वाटलं, मागतात. मग सणकन माझ्या कानाखाली बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्यांदा हात वर गेला तो मात्र खाली आला नाही. दादानं मनगट धरलं होतं.

"सोड," बाबा म्हणाले.

"तिले नाही," दादा म्हणाला. "मले मारा, पण तिले नाही."

बाबांनी दुसऱ्या हातानं त्याचे केस धरून हिसडा दिला. दादानं मनगट पिरगळलं. काडी मोडावी तसा आवाज आला आणि बाबा गुडघ्यावर बसले. आई किंचाळली. मला, खरं सांगते, बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

दवाखान्यात ही गर्दी. अर्धे लोक बाबांच्या ओळखीचे. आमच्याकडे मार लागला की डॉक्टरांना पडलो म्हणूनच सांगायचं, बाबाही तेच म्हणाले, "आंगन में फिसल गया."

"फिसले नहीं," दादा मोठ्यानं म्हणाला. "मैंने मरोड़ा. मेरी बहन को मार रहे थे."

सगळी रांग वळून पाहू लागली. आईनं त्याचा शर्ट मागून ओढला. बाबांनी सुजलेलं मनगट मांडीवर घेतलं.

"लड़का सच बोल रहा है," ते म्हणाले. मग त्याच्याकडे न पाहताच, हळू आवाजात, "जाय तू. तुहं कॉलेज हाय ना आज."

दादा गेला नाही. त्यांचा एक्स-रे होईपर्यंत तिथंच बसून राहिला. माझा राग मात्र तेव्हाही गेला नव्हता आणि अजूनही गेलेला नाही.