एनेदिनाबाईंचा सातवा नियम

आमच्या चुकिलोमाच्या वाचनालयात एनेदिना गुआल्पा यांनी एकतीस वर्षं काढली. गाव डोंगरावर. घरटी एक माणूस तरी उत्तरेला, अमेरिकेत कामाला गेलेलं. बाईंचा नवरा लिसान्द्रोही लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. तीन वर्षं पत्रं आली, मग थांबली. मेला असता तर निरोप आला असता, असं लोक म्हणत. बाई काहीच म्हणत नसत. मूलबाळ नव्हतं. रोज आठला वाचनालय उघडायचं आणि सहाला बंद करायचं, एवढंच.

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली तेव्हा नगरपालिकेने वाचनालयाला दोन संगणक दिले, इंटरनेटसकट. सोबत हुकूम, की महिन्याभरात वापराचे नियम करून भिंतीवर लावा. समिती तिघांची: बाई, नगरपालिकेचा चिटणीस आब्दोन आणि शाळामास्तर म्हणून मी.

आब्दोनने राजधानीहून, किटोहून आलेला नियमांचा नमुना पुढे ठेवला. वापर फक्त अभ्यासासाठी, खासगी वापर बंद, बोलणं बंद.

"सह्या करा आणि मोकळे व्हा," तो म्हणाला.

"आधी येतंय कोण ते तर बघू," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस दे मला."

त्या पंधरा दिवसांत शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. पहिल्याच दिवशी मेल्चोरा आजी आली, सणाचा घागरा घालून, ताज्या वेण्या घालून. तिचा मुलगा तिकडे अमेरिकेत, नेवार्कला घरांची छपरं घालतो. नऊ वर्षांत तिने त्याला पाहिलं नव्हतं. पडद्यावर चेहरा उमटला तसा तिने काचेवर तळवा ठेवला.

"वाळलास रे."

"कॅमेऱ्यात तसं दिसतं, आई."

"कॅमेऱ्याला काय ठाऊक तू आधी कसा होतास?" तिने शालीखालून उकडलेल्या मक्याचं गाठोडं काढून सोडलं. "हे बघ, आजच शिजवलाय. तुझ्या वाटचा मीच खाते आता."

बाई कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावत राहिल्या. ती पुस्तकं लावलेलीच होती.

पुन्हा बैठक बसली. आब्दोन वैतागलेला होता. "हे वाचनालय आहे की आठवड्याचा बाजार? रडणं काय, हसणं काय."

"पंधरा दिवसांत त्रेचाळीस जण आले," बाईंनी वही उघडली. "अभ्यासाला पाच. बाकीचे आपल्या माणसांना बघायला."

"कोण कोण? नावं वाच."

"नावं लिहिलेली नाहीत."

"मग हिशेब कसला हा?"

"आब्दोन, तुझा भाऊ स्पेनला आहे. त्याचं तोंड शेवटचं कधी बघितलंस?"

आब्दोनने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "पुढचं वाच."

तसे आमचे नियम झाले. सकाळ मुलांच्या अभ्यासाला, दुपार सगळ्यांना. माणशी अर्धा तास. मोठ्याने बोलायचं तर मागच्या खोलीतला संगणक. अचकट विचकट काही बघायचं नाही. लहानांसोबत मोठं माणूस हवं. रांग मोडायची नाही. सातवा नियम बाईंनी स्वतः घातला: माणूस उठला की त्याने काय पाहिलं ते यंत्रातून पुसायचं, आणि ते कुणी कुणाला विचारायचं नाही, नगरपालिकेनेसुद्धा नाही.

"याची काय गरज?" मी विचारलं.

"मास्तर, आपण कुणाला शोधतोय हे गावाला कळलं ना, की गाव शोधू देत नाही."

मी पुढे विचारलं नाही. बाईंनी स्वतःच शोधलं होतं हे मला फार उशिरा कळलं, त्यांनीच सांगितलं तेव्हा. दुसऱ्याच महिन्यात लिसान्द्रो सापडला होता. तिकडच्या आपल्या लोकांच्या कुठल्याशा जत्रेचा फोटो. हातात ताटली, केस पिकलेले, शेजारी एक बाई, दोन मुलं. दर गुरुवारी दुपारी बाई रांगेत बसायच्या, पाळी आली की अर्धा तास तो फोटो बघायच्या, पुसायच्या आणि उठायच्या. त्याला एक ओळही लिहिली नाही.

"राग नाही आला?"

"आला की. पण रागावून फोटोतली माणसं थोडीच कमी होतात?" त्या म्हणाल्या. "त्याचे कान तसेच होते, मास्तर. तेवढे ओळखीचे वाटायचे."

पुढे घरोघरी मोबाईल आले, मागची खोली ओस पडली, संगणक भंगारात गेले. बाई निवृत्त झाल्या. हे लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "लिहा. आता लपवून काय करायचंय?"

गेल्या वर्षी सुतार फिदेल नेवार्कहून कायमचा परत आला. सगळं गाव त्याच्या अंगणात जेवायला. बाईंनी त्याला वाढलं आणि शेजारी बसल्या.

"तिकडे थंडी फार असते का रे?"

"फार, मावशी. हाडं गोठतात."

"मग लोकांकडे जाड कोट असतात?"

"असतात की. सगळ्यांकडे असतात."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी मका घातला.