मामांच्या परसातला समुद्र

सगळा देश पाहिलेला एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि तो निजामाच्या मुलखातलं आमचं गोरेगाव सोडून सरहद्दीवरच्या कनेरगाव नाक्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. ते माझे धाकटे मामा. मोटारीत बसलं की त्यांना ओकारी यायची आणि आगगाडीच्या नुसत्या वर्णनानं डोकं गरगरायचं. म्हणून त्यांनी देशालाच घरी बोलावलं होतं. परसात कांद्याचे असावेत तसे वाफे होते आणि त्यांत कोकण, बंगाल, मलबार, राजपुताना नांदत होते. गावातून कोणी यात्रेला जावो की बैलबाजाराला, येताना तिथली मूठभर माती फडक्यात बांधून आणायची, असा मामांचा दंडक होता. ती माती ते आधी हुंगत, मग जिभेच्या टोकाला लावत आणि मग प्रश्न सुरू होत. तिथल्या झाडांची पानं रुंद की बारीक? पाऊस पडला की वास कसा येतो? एकजण वडिलांच्या अस्थी काशीला विसर्जित करून आला, तर मामांनी आधी गंगेच्या गाळाची चौकशी केली.

"मामा, बाप गेला न माझा!"

"व्हय, लई वाईट झालं. पण गाळ चिकट हाय का?"

मामीला या देशाचं कौतुक नव्हतं. "तुमच्या हिमालयावर कोंबडी बसून राहिली," ती चुलीपासून ओरडायची, "अन् राजपुतान्यात मांजर काय करून राहिलं ते तुमीच जाऊन बघा!"

समुद्राचं वेड मात्र बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या नायकानं लावलं. त्याचा आजा बैलांवर मिठाच्या गोण्या लादून किनाऱ्यावरून येत असे. "पाणी दिसलं का बैलबी थबकायचे, मालक," असं तो सांगून गेला आणि मामांची झोप उडाली. "समुद्राबिगर देश म्हंजे बांधाबिगर वावर," ते म्हणत. "कुठं संपतो ते कळावं कसं?" वाफ्यांच्या कडेला त्यांनी परातीएवढा खड्डा करून ठेवला.

माझा थोरला भाऊ मुंबईला नोकरीला होता. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तो बाटलीभर समुद्र घेऊन वाशिमपर्यंत आला. देश स्वतंत्र झाला होता, आमचा मुलूख निजामाकडेच होता, आणि सरहद्द ओलांडणं धोक्याचं होतं. मामा बैलगाडीनं नाक्यावर गेले, मी बरोबर होतो. भावानं पलीकडून आडव्या बांबूवरून बाटली दिली. बाटली विलायती दारूची होती.

नाक्यावरच्या कारकुनानं हात पुढे केला. "क्या है इसमें?"

"समुद्र," मामा म्हणाले.

"पी के बताओ."

मामांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण डोळे मोठे झाले. "खारट हाय साहेब, पण नुसत्या मिठावानी न्हाई. काहीतरी जितं हाय ह्यात."

कारकुनानंही समुद्र पाहिलेला नव्हता. त्यानं तळहातावर थोडा घेतला. मग शिपायांनी घेतला, मग खोळंबलेल्या गाडीवानांनी. मी मामांचा सदरा ओढत होतो. ते मात्र ओतत राहिले. "घ्या, घ्या. तुमचाबी हायच की."

घरी पोचेपर्यंत बाटलीच्या तळाशी चार बोटं समुद्र उरला होता. मामांनी तो खड्ड्यात ओतला. उन्हानं तडकलेल्या काळ्या मातीनं तो पापणी लवायच्या आत पिऊन टाकला. मामा उकिडवे बसून राहिले. मामी दारातून आली आणि खड्ड्याकडे वळलेली कोंबडी तिनं हाकलून दिली.

पुढे एका सकाळी खड्ड्याच्या काठावर पांढुरकी रेघ उमटलेली दिसली, ती मामीलाच. तिनं त्यावर बोट टेकवून जिभेला लावलं, मग मलाही चाखायला लावलं.

"अवो, उठा," तिनं हाक दिली. "किनारा आला तुमचा."

मामा गेल्यावर परसात मामीनं खरोखरच कांदे लावले. मी वर्तमानपत्राच्या नोकरीसाठी मुंबईला आलो आणि पहिल्याच संध्याकाळी समुद्रात बोट बुडवून जिभेला लावलं. चव ओळखीची होती. काळ्या मातीचा वास तेवढा कमी होता.