आफ्रिकेखालच्या दोन विटा

मी पोरीचं भलं करायले गेली होती, हे कोणी मानतच नाही. नवरा नाही, सासू नाही, अन् शेजारची शमीमभाभी, जी सारं डोळ्यानं पाहून राहिली होती, ती तर नाहीच नाही. आता तुम्हीच ऐका अन् सांगा, माझं काय चुकलं?

चांदूर बाजारच्या शाळेत जगातल्या मोठ्या नद्यांचं प्रदर्शन होतं. पहिला नंबर आला की अमरावतीले जायचं. माझी मुक्ता सातवीत. दिवाळीपासून घरात नुसता प्लास्टरचा राडा! प्लायवूडच्या फळीवर तिनं आफ्रिका केली, त्यात नाईल नदीची निळी नाली कोरली, अन् मधातून आडवा लाल लोकरीचा धागा चिकटवला.

"हे काय वं? दोन वावरांमधला धुरा?"

"आई, विषुववृत्त आहे ते! पृथ्वीचे दोन भाग करते."

"मंग धुराच झाला ना!"

पोट्टीनं कपाळाले हात लावला. "तू फक्त हात नको लावू माय. मले अमरावतीले जायचं आहे."

प्रदर्शनाच्या दिवशी ती पाणी आणायले गेली. मी अन् भाभी टेबलापाशी राखणीले. पाहते तं काय! दोन विटा आफ्रिकेच्या खालच्या टोकाखाली! शेपूट वर, डोकं खाली!

आता सांगा, आमच्या इकडं पाणी कुठून येते? वरतून, मेळघाटच्या डोंगरातून. बारीक बारीक नाले उतरतात, एकात एक मिळतात, अन् खाली पूर्णेत जातात. जन्मापासून हेच पाहून राहिली मी. अन् या नाईलचं? वरच्या टोकाले बारीक बारीक फाटे, खाली येता येता एकच नदी, अन् शेवटी मोठा तलाव. धरणच की ते! चौथी पास बाईले दिसते, अन् सातवीतल्या पोट्टीले दिसू नये?

"भाभी, पोट्टी घाईत चुकली. पाणी कधी वर चढते का?"

"तौबा! पानी ऊपर कैसे चढेगा? सरका दे कुसुम, जल्दी! साहब आ रहे!"

सरकवल्या. वरच्या टोकाखाली, चांगल्या घट्ट. पोरीचा नंबर वाचवला म्हणून छाती अशी फुगली माझी!

अमरावतीचे परीक्षक आले. पांढरी फटक पॅन्ट. मुक्ता घडाघडा बोलू लागली, "नाईल नदी विषुववृत्ताजवळच्या सरोवरातून निघते..." अन् तिनं लोटा ओतला, तो थेट तलावात!

धरणात कोणी पाणी ओतते का, बाप्पा?

"...आणि उत्तरेकडे वाहत जाते," मुक्ता म्हणे. पाणी निघालं दक्षिणेले! लाल धाग्यावरून उडी मारली, लोकरीचा कच्चा रंग घेतला, अन् टेबलावरून सरळ सरांच्या पॅन्टीवर! पाठ केलेलं पोट्टीचं तोंड काही थांबेना, "...आणि शेवटी भूमध्य समुद्राला मिळते."

"बाळ," सर म्हणाले, "ती मला मिळाली."

सारी शाळा हसली. मुक्ताचे डोळे भरले. अमरावती गेली हातची! पण पोट्टी माझीच. खाली वाकली, विटा पाहिल्या, परत जागेवर नेल्या.

"सर, नदी नकाशातलं वर-खाली पाहत नाही, उतार पाहते. हे सरोवर उंचावर आहे, म्हणून पाणी उत्तरेकडे उतरते."

दुसरा लोटा ओतला. पाणी शहाण्यासारखं नालीनं गेलं, वरच्या फाट्याफाट्यांत फुटलं अन् समुद्रात पडलं. सर खूश! "शाबास! ये अमरावतीला."

मी श्वास सोडते न सोडते, तं सर पॅन्ट पिळत म्हणाले, "पण मघाशी त्या विटा सरकवल्या कोणी?"

मी भाभीकडं पाहिलं. भाभी पंखा पाहून राहिली होती, तोही बंद!

"माकड असन सर!" मी म्हटलं. "लय झाले इकडं. खिडकीतून येतात, काहीही ओढतात."

"माकडानं विटा सरकवल्या?" सर मुक्ताकडं वळले. "तू पाहिलंस का गं ते माकड?"

"रोज पाहते सर. आमच्या घरीच राहते," मुक्ता म्हणाली. "नाव आहे कुसुम वामन ढोले."