पट्टी काढा, सर!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण नंतर तुम्हाला माझी दया येईल. तशी सगळ्यांनाच येते. आमच्या पाथर्डीत हल्ली लोक मला बघून मान हलवतात, तीसुद्धा हळूच, आजारी माणसाकडे बघून हलवतात तशी.

गोष्ट एवढीच की मी माझ्या जीपला शॉकअप बसवले. स्वतः. माझ्या या हातांनी!

जीप जुनी आहे, पण चारही चाकांनी ओढणारी. डोंगरात कुठंही चढते. फक्त आत बसणाऱ्याची हाडं मोजून घेते. आमच्या शाळेतल्या पाच मुली वरच्या वस्तीवर आजी-आजोबांजवळ राहतात, कारण आई-बाप ऊसतोडीला गेलेले. सोमवारी त्यांचा दहावीचा पहिला पेपर होता. वस्तीपर्यंत एसटी जात नाही. मी मुलींना छातीठोक सांगितलं होतं, "काळजी करू नका. मी जीप घेऊन येतो. आणि नवे शॉकअप टाकतो, पाण्याचा पेला हातात धरून बसा!"

कोणी विचारलं होतं का? नाही. पण सवय आहे ना बोलायची.

आमचा मिस्त्री याकोब. माणूस हिरा. पण तो रविवारी बेलापूरला, बहिणीकडे बाप्तिस्म्याला गेलेला. मी म्हटलं, त्यात काय एवढं? मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. अर्ध्या तासाचा होता. मधला भाग कंटाळवाणा वाटला म्हणून पुढे ढकलला.

तो मधला भाग!

रविवारी सकाळी आठ वाजता मी अंगणात जीपखाली शिरलो. मागचे जुने शॉकअप निघाले. नवे खोक्यातून काढले. प्रत्येकाला एक पिवळी, जाड प्लास्टिकची पट्टी आवळलेली. बायको, शोभा, चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, हे काय बांधलंय याला?"

"हात लावू नकोस! ते कंपनीचं सील असतं. तोडलं की गॅरंटी गेली."

असं मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही! पण किती ठामपणे बोललो मी.

मग वरचा बोल्ट बसवला आणि खालचा बसवायला गेलो, तर शॉकअप आखूड. चांगला चार बोटं आखूड! ओढला, ताणला, जीपखाली आडवा पडून त्याला लोंबकाळलो. ढिम्म नाही. मग डोकं चालवलं. जीप थोडी खाली दाबली तर अंतर कमी होईल की नाही? मागे बाजरीची दोन पोती टाकली. पोत्यांवर शोभाला बसवलं.

"अजून किती वेळ बसू?"

"जड हो जरा!"

"म्हणजे कशी होऊ?"

अंतर बोटभर कमी झालं, शोभाचा राग मात्र हातभर वाढला. शेवटी याकोबला फोन लावला. तो कुजबुजत बोलला, "सर, मी चर्चमधी हाय. काय झालं?"

"याकोब, शॉकअप आखूड पडतोय!"

"पट्टी काढली का?"

"कुठली पट्टी?"

"अवो, पट्टी! ती काढल्याबिगर न्हाई पोचायचा. पट्टी काढा, सर, आपोआप बसतो." मागे गाणं सुरू झालं आणि फोन बंद.

आता तुम्हीच बघा. जीपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, एकावर एक. आमच्याकडे तिला पाटा म्हणतात. जीपचं सगळं वजन तिच्यावर. त्यातली एक पट्टी काढली की जीप खाली बसणार, अंतर कमी होणार, शॉकअप पोचणार! मला तर याकोबच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. केवढा सोपा उपाय!

सोपा? दुपारपर्यंत माझी नखं गेली, एक कोपर सोलपटला, आणि पाट्याचा गंजलेला बोल्ट जागचा हलेना. परत फोन. पलीकडे पंगत बसलेली, भांड्यांचा आवाज.

"याकोब, पट्टी लई अवघड जातीय रे!" घाबरलो की माझी भाषा बदलते.

"पट्टी अवघड? ब्लेड न्हाई का घरात? ब्लेड मारा की सरळ!"

ब्लेड! मी लोखंड कापायचा हॅक्सॉ घेतला आणि तो बोल्ट कापायला बसलो. खर्रर, खर्रर, दीड तास. एका बाजूची एक पट्टी निघाली. तरी शॉकअप आखूडच! तिसरा फोन.

"याकोब, एक काढली. अजून दोन बोटं कमी पडतंय."

"मग दुसरी असंल. काही कंपन्या दोन-दोन लावत्यात. दिसंल ती पट्टी काढून टाका, सर. एकबी ठेवू नका!"

एकबी ठेवू नका! हे ऐकून मी जरा चरकलो, नाही असं नाही. पण मिस्त्री तो, मी कोण? दुसऱ्या बाजूचाही बोल्ट कापला. पट्ट्या काढत गेलो. पाच वाजेपर्यंत अंगणात लोखंडाचा ढीग लागला. दोन्हीकडे दोन-दोन पट्ट्या उरल्या, त्याही शिकंज्याने आवळून कशाबशा धरलेल्या. जीप मागून अशी बसली, जसा कुत्रा बसतो. पुढचे दिवे आकाशाकडे.

पण ऐका! उजवा शॉकअप बसला! खालचा बोल्ट सर्रकन आत गेला! मी अंगणात अक्षरशः नाचलो. "शोभा! बसला!"

शोभा जीपकडे बघून म्हणाली, "हो. सगळंच बसलंय."

दिवस मावळायच्या आत याकोब मोटारसायकलवरून आला. बाप्तिस्म्याचे पेढे द्यायला म्हणून वाट वाकडी करून आला होता बिचारा. दारातच थांबला. जीपकडे बघितलं. ढिगाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पेढ्यांचा खोका हळूच ओट्यावर ठेवला.

"सर… ह्या पट्ट्या का काढल्या?"

"तूच तर म्हणालास!"

"मी?" मग त्याची नजर डाव्या शॉकअपवर गेली. तो अजून तसाच, पिवळी पट्टी आवळलेला, माझ्या हातात होता. याकोबने डोळे मिटले.

"वहिनी, जरा विळी आना."

शोभाने विळी दिली. त्याने ती पिवळी पट्टी पात्यावर धरली. टक्! आणि शॉकअपची दांडी सावकाश, अगदी ऐटीत, बाहेर यायला लागली. एक बोट. दोन बोटं. चार बोटं. पुढेही येतच राहिली. मला वाटलं ती मला जीभ दाखवतेय.

"ही पट्टी, सर," याकोब हळू आवाजात म्हणाला. "दाबून बांधून येत्यात. कापली की उघडतो. दोन मिनिटांचं काम."

शोभा आत गेली, आणि आतून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी त्या लोखंडाच्या ढिगावर बसलो. बोल्ट कापलेले. नवे मिळायला सोमवारी दुकान उघडावं लागणार. अकराला पेपर. वस्तीवर पाच मुली आवरून बसणार, आणि त्यांचे आई-बाप उसाच्या फडात, माझ्या शब्दावर निर्धास्त. खरं सांगतो, तेव्हा विनोद वगैरे काही सुचत नव्हतं. वर्षभर राबलेल्या मुली, आणि मी त्यांचा पहिलाच पेपर एका प्लास्टिकच्या पट्टीपायी घालवणार!

याकोब शेजारी बसला. म्हणाला, "मी टेम्पो आणतो सकाळी. आठला तयार राहा. आन् सर, कशाला हात लावू नका."

सकाळी तो शब्दाला जागला. पाचही मुली टेम्पोत मागे गोधडीवर बसल्या, मी पुढे त्याच्या शेजारी. मागची खिडकी उघडी. घाट उतरताना याकोबने काल घडलेलं सगळं साग्रसंगीत सांगितलं. फोनसकट. कुजबुजीसकट. मुली पदराआड नाही, उघड हसत होत्या. हसू दे म्हटलं, पेपरची भीती तरी गेली.

साडेदहाला केंद्र आलं. वेळेत! मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात याकोबने सहज विचारलं, "पर सर, इतकी वर्सं झाली, मी कधी विचारलंच न्हाई. तुमी शाळेत कोणता इषय शिकवता?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मागून पाच आवाज एकदम आले, "मराठी!"

याकोबने काळजीच्या सुरात मुलींना विचारलं, "आन् आज पेपर कशाचा हाय, पोरींनो?"

"मराठीचा, मामा."

याकोबने टेम्पो बंद केला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, हात जोडले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, या लेकरांना तूच सांभाळ."

पाचही मुलींनी डोळे मिटले. सगळ्यांत आधी सविताने, माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबराने!

आणि काय लपवायचं तुमच्यापासून, सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' मीच म्हटलं.