दुभाषी लेक

बोलणं हा माझा धंदा. नाशकात सत्कार असो, उद्घाटन असो, नाहीतर कुणाची एकसष्टी असो, माईकमागून 'आता मी विनंती करतो' म्हणणारा जो माणूस दिसतो, तो बहुधा मीच असतो. शेखर, सूत्रसंचालक. आमची ही म्हणते, तुम्ही झोपेतही पाहुण्यांना स्थानापन्न व्हायला सांगता. सांगतही असेन. हजारो माणसांची ओळख मी करून दिली, त्यातल्या निम्म्यांची करून देण्यासारखी नव्हती. जिची करून द्यायला हवी होती, तिचं नाव मात्र एकाही संयोजकाने मला लिहून दिलं नाही. म्हणून आता कुणी विनंती न करता करून देतो.

सुवर्णा काठे. खुणांच्या भाषेच्या दुभाषी. मंचाच्या कोपऱ्यात गडद साडी नेसून उभ्या असतात. हातात बांगडी नाही, अंगठी नाही, कारण बघणाऱ्याची नजर बोटांवरून ढळता कामा नये. मी बोललो की त्यांचे हात बोलतात, आणि समोर बसलेल्या बहिऱ्या माणसांना मी काय बडबडतोय ते कळतं. मी चारोळी ठोकली की त्या माझ्याकडे अशा बघायच्या की दुसरी चारोळी घशातच राहायची. 'दादा, यमक हातांनी कसं जुळवू ते एकदा दाखवा ना,' असं त्यांनी मला चहा पिताना ऐकवलं होतं.

आपल्या शहराला हल्ली सगळ्यांना सामावून घ्यायची भारी हौस आली आहे. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात असाच एक कार्यक्रम होता. मागे 'आपण सारे एक' असं लिहिलेला भलामोठा फलक. भाषण सुरू व्हायच्या आत संयोजक धावत आले, म्हणाले, मॅडम, जरा बाजूला सरा, तुमच्यामुळे फलक झाकला जातोय. बाजूला म्हणजे पडद्याच्या अंधारात. माझं डोकंच फिरलं. सुवर्णाताई मात्र आवाज न चढवता म्हणाल्या, "मी सरते. पण मग या पुढच्या दोन रांगाही माझ्याबरोबर सरकवा. ते लोक फलक बघायला आलेले नाहीत." शेवटी फलकच सरकवला.

दिवाणी न्यायालय, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, मतदानाचं प्रशिक्षण, जिथे म्हणून बहिऱ्या माणसाला ताटकळत ठेवतात तिथे सुवर्णाताई जायच्या. त्यांच्या कामाचा एक कडक नियम आहे. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं. तो असं म्हणतो, ती तसं म्हणते, हे चालत नाही. जे म्हटलं ते सगळं म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात एका बहिऱ्या पोराला रजा हवी होती. त्याने हात हलवले आणि सुवर्णाताई म्हणाल्या, "साहेब, माझं लग्न ठरलंय, मला रजा पाहिजे." साहेबाने उठून त्यांचंच अभिनंदन केलं. हे सांगून त्या मनापासून हसायच्या. मला हसू यायचं नाही. त्यांचं लग्न झालेलं नाही. स्थळं यायची, आई बहिरी आहे कळलं की परत जायची, उद्या पोरंही तशीच निपजली तर काय घ्या म्हणून.

आई म्हणजे सिंधुबाई. मखमलाबादला काठे कुटुंबाचा फुलांचा मळा, झेंडू आणि शेवंती. सिंधुबाई जन्मापासून बहिऱ्या, पण फुलबाजारात त्यांना कुणी फसवून दाखवावं. सुवर्णाताई तोंडाने बोलायला शिकायच्या आधी हातांनी बोलायला शिकल्या. वडील, पुंजाराम, ऐकणारे होते, भले होते, पण त्यांचं बायकोशी बोलणं 'जेवण', 'पाणी', 'पाऊस' एवढ्यावर आटपायचं. बाकी सगळं लेकीच्या हातांतून.

ते पुंजाराम वारले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे दशक्रियेला गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, विधी उरकला की प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, ज्यांनी मयताला जन्मात पाहिलं नाही तेही 'त्यांच्या जाण्याने पोकळी' वगैरे बोलतात. सिंधुबाई पुढे बसल्या होत्या. सुवर्णाताईंनी त्यांना हातांनी सांगायला सुरुवात केली तर चुलते सावळीराम आप्पांनी दटावलं, "ते हातवारे बंद कर. लोक बघत्यात. बरं दिसतं का?" हात मांडीवर गेले. सिंधुबाई तासभर बोलणाऱ्यांची तोंडं बघत बसल्या. रात्री त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, माझ्या नवऱ्याबद्दल इतके लोक बोलले, मला त्यातलं काही कळलं नाही. मी गेले की माझ्या माणसांना कळू दे.

मागच्या वर्षी सिंधुबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी मला सुवर्णाताईंचा फोन आला.

"दादा, दशक्रियेला माईक तुम्ही सांभाळा. लांबण लावू नका, आणि पुढाऱ्यांना जरा सावकाश बोलायला सांगा. पुण्याहून एक दुभाषी यायच्यात. आईच्या सगळ्या मैत्रिणींना कळवलंय."

"आणि तुम्ही?"

"मी त्या दिवशी बसणार आहे. मला उभं नाही राहायचं, दादा. मला बसून आईसाठी रडायचंय. तीन दिवस झाले, कुणी आलं की मी त्यांचं आईच्या मैत्रिणींना सांगते, मैत्रिणींचं त्यांना सांगते. माझं रडणं राहूनच गेलंय."

इतकी वर्षं शेजारी उभा होतो, पण ही बाई स्वतःसाठी काही मागतेय असं मी पहिल्यांदा ऐकलं.

दशक्रियेच्या दिवशी सकाळी पुण्याहून निरोप आला. त्या दुभाषी बाई तापाने फणफणल्या होत्या, निघूच शकत नव्हत्या. गंगेवरून सगळे परतले तेव्हा आप्पांच्या मळ्यातल्या मांडवात पुढच्या सतरंजीवर बहिरी मंडळी येऊन बसलीसुद्धा होती. कुणी वणीहून, कुणी नांदगावहून, बाकी नाशकातलीच. कुणाला आणखी बोलवावं तर ऐनवेळी कोण मिळणार? सुवर्णाताईंनी माझ्याकडे बघितलं, मग बायकांमध्ये त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागेकडे बघितलं, आणि पदर खोचून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सुवर्णे, आज तरी बायांत बस ना," आप्पा म्हणाले. "आय गेली तुझी. हे काय काम हाय का आज करायचं?"

"हो आप्पा," त्या म्हणाल्या, "आजच आहे."

मग भाषणं झाली. मला त्या भाषणांचा असा राग कधी आला नव्हता. एक जण म्हणाला, सिंधुबाईंच्या मागे त्यांची कन्या सुवर्णा पोरकी झाली. तो म्हणाला तसं सुवर्णाताईंनी हातांनी सांगितलं. दुसरा म्हणाला, या पोरीला आता कुणी नाही. तेही सांगितलं. पोरकेपणाची ही खूण त्या किती सरळ हातांनी करत होत्या, जणू ती सुवर्णा कुणी दुसरी, शेजारच्या गावची. मांडवात बायका डोळे पुसत होत्या. जिच्यासाठी पुसत होत्या तिला तेवढी सवड नव्हती.

भाषणं संपत आली तेव्हा एक पांढऱ्या केसांची बाई उठली. बायडाबाई, नांदगावची, सिंधुबाईंची शाळेतली मैत्रीण. तिने पिशवी खाली ठेवली आणि लोकांकडे तोंड करून हात उचलले. सुवर्णाताईंनी माईक घेतला.

"मी बायडाबाई. मी नांदगावहून आले. सिंधू आणि मी बहिऱ्यांच्या शाळेत एका वर्गात होतो. वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. दिवे घालवले की सगळ्या मुली गप्प व्हायच्या, कारण अंधारात हात दिसत नाहीत. मी आणि सिंधू एकमेकींच्या तळहातावर बोलायचो. तिला लेक झाली तेव्हा मी भेटायला आले. लेकीला ऐकू येतं म्हणून सगळे पेढे वाटत होते. सिंधू रडत होती. लोकांना वाटलं, आनंदाने रडते. मला तिने सांगितलं, बायडा, ही आपल्यातली नाही. ही मोठी होऊन त्यांच्यात जाईल."

सुवर्णाताईंचा आवाज इथे जरासा चिरकला, पण थांबला नाही. बायडाबाई लोकांकडची नजर काढून त्यांच्याकडे वळली. हात चालूच होते.

"थांब," सुवर्णाताई माईकमध्ये म्हणाल्या. "बोलू नकोस. हे मी तुला सांगतेय."

मांडव चमकला. आप्पांनी मान वर केली. "कुणाला थांब म्हन्ती ही?" कुणीतरी मागून विचारलं. बायडाबाईने पुन्हा तीच खूण केली, या वेळी जोरात, आणि सुवर्णाताई पुन्हा म्हणाल्या, "बोलू नकोस. तुला सांगतेय, तुला." जन्मभराची सवय. समोरचे हात हलले की तोंड चालणारच. समोरची आपल्याशीच बोलतेय हे सुवर्णाताईंना कळतच नव्हतं.

मी पुढे झालो, त्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि बंद केला.

मग त्यांना कळलं. हात खाली सोडून त्या बायडाबाईच्या हातांकडे बघत राहिल्या. बायडाबाई किती वेळ बोलत होती कोण जाणे. आम्हा ऐकणाऱ्यांना त्यातलं ओ की ठो समजलं नाही. सरपंचांपासून पोराटोरांपर्यंत सगळे तिची बोटं बघत बसलो, आणि पुढच्या सतरंजीवरची बहिरी मंडळी तेवढी मान हलवत होती, डोळे पुसत होती. सुवर्णाताईंनी मध्ये एकदाच काहीतरी विचारलं, अगदी लहान, छातीजवळ. बायडाबाईने त्यांचा हात धरला आणि तळहातावर बोटांनी उत्तर दिलं. ते उत्तर तर सतरंजीवरच्यांनाही दिसलं नाही.

आप्पांना राहवेना. "काय म्हनली ती, सुवर्णे? आम्हालाबी कळू दे ना. सांग."

सुवर्णाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही सांगणार, आप्पा. ते माझ्यासाठी होतं."

आणि त्या बसल्या. बायकांमध्ये नाही, पुढच्या सतरंजीवर, बायडाबाईला टेकून, आणि हुंदके देऊन मोठ्याने रडल्या. अजून एक पुढारी बाकी होते. मी त्यांना आवरतं घ्या म्हणून खुणावलं, पण ते कसले आवरतायत. ते पोकळीबद्दल बोलत राहिले आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेतून कुणी हात हलवत नव्हतं. बहिऱ्या मंडळींना त्यातला एक शब्द कळला नाही. कुणी माईककडे बघितलंही नाही. सगळे सुवर्णाताईंकडे बघत होते.

दिवस मावळायला आला तसे पाहुणे पांगले. बायडाबाई नांदगावची गाडी गाठायला गेली. दहा दिवस सुवर्णाताई आप्पांच्याच घरी राहिल्या होत्या. आजही राहा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, पण त्या ऐकेनात. मी त्यांना मळ्याच्या पलीकडच्या त्यांच्या घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी नेहमीसारखा बोलत होतो, काय ते आता आठवत नाही.

त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आत हात घालून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला, पुन्हा विझवला.

"लाइट गेली का?" मी विचारलं.

"नाही हो. आईला हाक कशी मारणार? मी आले की असं करते, म्हणजे ती मान वळवते."

मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी दिवा लावला, या वेळी तसाच राहू दिला, आणि घरात न जाता उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.