कपाळावरचं सोनं

दुपारचं जेवण अंगावर येतंय. पंखा घरघरतोय आणि मी मुलाम्याच्या टाकीशेजारच्या स्टुलावर डोळे उघडे ठेवायचा आटापिटा करतेय. समोरच्या ट्रेमध्ये गावदेवीचा चांदीचा मुखवटा आहे. त्याच्यावर सोन्याचं पाणी चढवायचंय. संध्याकाळी पुजारी न्यायला येणार, आणि कपाळावरचं सोनं सकाळपासून काही केल्या धरत नाही. फोड येतो, पापुद्रा सुटतो. उद्या पालखीत, सगळ्या गावासमोर सुटला तर? लोक म्हणतील, शकूअक्का गेली आणि देवी रुसली.

"करंट वाढवलास व्हय गं, पमे?"

अक्का. माझी थोरली बहीण. हा कारखाना तिचाच, तिला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. ती कोपरापर्यंत टाकीत हात घालून उभी आहे आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

"थोडासाच. वेळ नाही गं अक्का."

"घाई केली की सोनं नाकाच्या शेंड्यावर धावतंय. तितंच साठून काळं पडतंय, आन् खळगं उपाशी ऱ्हात्यात." ती वाकून बघते. "पर ह्ये त्ये न्हवं. कपाळ घासलंस का?"

टाकी आता आमच्या परसातली न्हाणी झालीय. चुलीवर पाणी उकळतंय. न्हाणीच्या दगडावर मुखवटा ठेवलाय, माझ्याकडे तोंड करून.

"पुसलं की, हलक्या हातानं. देवीचं कपाळ आहे अक्का. ब्रश कसा लावू?"

"मग सोनं धरंल कशाला? हळद, कुंकू, त्याल, किती वर्सांचं बसलंय तितं! सोनं आंधळं असतंय बाई. दाण्याला दाणा लागून वाढतंय, खाली काय हाय ते बघत न्हाई. चांदी घावली तर चांदीला धरंल. तेलावर बसलं तर तेलासंगं जाईल."

"पाप लागलं म्हणजे?"

"तुला न्हाऊ घालताना शिकेकाई डोळ्यात गेली की बोंबलायचीस. म्हणून मी सोडलं का तुला? माया हुती म्हणून घासत हुते."

दगडाखाली गाभाऱ्याची फरशी आहे. दाराबाहेर हलगी वाजतेय, माणसं दार ढकलतायत. मुखवट्याच्या कपाळावरचा फोड फुगत चाललाय. ब्रश माझ्यापुढे पडलाय आणि माझा हात उचलला जात नाही. मी रडकुंडीला आलेय.

"अक्का, तूच कर ना. मला भीती वाटते."

"मला हात कुटं हायती आता?"

मी बघते. तिच्या कोपराखाली नुसतं पाणी आहे.

दार उघडतं.

कारखान्यात कुणी नाही, पंखा तेवढा फिरतोय. मला धाप लागलीय आणि मांडीवर मुखवटा आहे, ओलाचिंब. कपाळावर ना फोड, ना पापुद्रा. उघडी, पांढरीशुभ्र चांदी. चुकलं तर क्षमा कर म्हणून मी देवीला हात जोडते, तेव्हा दिसतं: माझ्या दहाही नखांत काळपट, तेलकट कुंकू भरलंय.