भरतीची वाट बघणारी गाडी

लग्न होऊन मढला आले तेव्हा सासरच्या घरात खिळ्याला एक खाकी ड्रेस लटकत होता. कडक इस्त्रीचा, कोरा. मला वाटलं, घरात कुणी पोलिसात आहे की काय! नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बाबांचा आहे. तू त्याच्याकडे बघू नकोस." आता बघू नकोस म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? मी मुलुंडची, गिरणीकामगाराची पोरगी. आमच्याकडे खोलीत लटकलेल्या प्रत्येक वस्तूची चौकशी करायची पद्धत होती.

चौकशीत कळलं ते असं. माझे सासरे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, होडीवर ज्यांचा शब्द चालतो ते. गुडघे गेले आणि होडी विकावी लागली. गावाच्या टोकाला एका शेठचा बंगला होता, शूटिंगला भाड्याने द्यायचा. त्याने सासऱ्यांना वॉचमनची नोकरी देऊ केली, ड्रेसही शिवून दिला. सासरे एक दिवस गेटपाशी स्टुलावर बसले आणि संध्याकाळी परत येऊन ड्रेस खिळ्याला टांगला.

"काम वाईट नाय गो," ते मला म्हणाले. "पन तिथशी दर्या दिसत नाय. मोठी भिंत हाय, वर काचा. लाटांचा आवाज येतो नि दिसत काय नाय. डोळे बांधून बसवल्यासारखा वाटतंय मना."

सासूबाई तेव्हा तिथेच बोंबील निवडत होत्या. त्या सासऱ्यांशी थेट बोलायच्या नाहीत. होडी विकताना त्यांना विचारलं नव्हतं, तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं दुसऱ्याच्या मार्फत. मी घरात आल्यावर ही मानाची जागा मला मिळाली. "सांग तुज्या सासऱ्याला," त्या म्हणाल्या, "दर्या बगून पोट भरत नाय."

सासरे तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलेले. मी तरीही सांगितलं. सांगितलं नाही तर दोघंही माझ्याकडे बघत राहायचे.

होडीच्या बदल्यात घरात आली होती एक पिकअप. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, मागचा भाग कापून लाकडी फळ्यांचा हौदा केलेला. बेत असा, की होड्या वाळूला लागल्या की गाडी थेट होडीपाशी न्यायची, म्हावरं, म्हणजे मासळी, भरायची आणि डांबरी रस्त्यावर टेम्पो उभे असतात तिथे पोचवायची. एरवी तेवढी अख्खी वाळू बायका डोक्यावर पाट्या घेऊन तुडवायच्या. बेत झकास होता. फक्त गाडी पहिल्याच दिवशी वाळूत रुतली, ती ढुंगण टेकून बसली ती बसलीच.

आमच्याकडे रिवाज असा की म्हावरं होडीतून उतरलं की ते बायकांचं. पुरुषाने त्याला हात लावायचा नाही, भाव बोलायचा नाही, पाटी उचलायची नाही. तेव्हा गाडीला काम द्यायचं की नाही हे बायकाच ठरवणार, आणि त्यांच्यात वजन माझ्या सासूचं. घरचा माणूस म्हणून सवलत? नाव सोडा! त्यांनी निरोप दिला तो माझ्याच तोंडून: नारळी पुनवेनंतर होड्या पहिल्यांदा भरून येतील त्या दिवशी गाडी होडीपर्यंत आली आणि माल घेऊन गेली, तर हंगामभर काम तिचं. नाही तर तो खाकी ड्रेस खिळ्यावरून खाली काढायचा आणि दुसऱ्या दिवशी गेटवर बसायचं. सासरे ड्रेसकडे बघून म्हणाले, "ठीक हाय." मला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही आला. एवढा मोठा माणूस, त्याला एक स्टूल खायला उठलं होतं.

अंधेरीचा एक गॅरेजवाला म्हणाला, गाडी उंच करा आणि मोठे टायर घाला, वाळूवर लोण्यासारखी जाईल. गाडी ओढून त्याच्याकडे नेली, चाकांवरच्या कमानीत जादा पाटे घालून त्याने ती उंच केली आणि परत घरामागे आणून सोडली. टायर नवऱ्याने कुर्ल्याच्या भंगारातून आणले, मिलिटरीच्या ट्रकचे. टेम्पोतून उतरवले तेव्हा मी शेजारी उभी राहून बघितलं, टायर माझ्या छातीपर्यंत.

"हे गाडीला बसवायचे की गाडी ह्यांना बसवायची?" मी विचारलं.

"तू गप गं," नवरा म्हणाला. नवरा बँकेत कारकून. गाडीतलं त्याला जेवढं कळत होतं तेवढं मलाही कळत होतं.

गाडी घरामागच्या वाळूत उभी होती, म्हणून टायर तिथेच बसवायचे ठरले. जॅक लावला. नवरा दांडा फिरवतोय, जॅक वर येतोय, पण गाडी आहे तिथेच. जॅक खाली वाळूत चालला होता. खाली फळी घातली, तर फळीसकट गेला. शेवटी सासरे उठले. "होडी कशी उचलतो आपन?" म्हणाले, आणि गावातली माणसं बोलावली. ओंडके आले, दोर आले. सासऱ्यांनी हाळी दिली, सगळ्यांनी "हैय्या" करून खांदा लावला, आणि जीप उचलून ओंडक्यांवर ठेवली. तिला अगदी रंग लावायला काढलेल्या होडीसारखं टेकवलं. गॅरेजवाला मदतीला आला होता, तो कपाळाला हात लावून बसला. पण टायर बसले. नटांची भोकं जुळत नव्हती ती वेल्डरने नवी पाडली. मडगार्ड घासत होते ते कापून टाकले.

मग कळलं की गाडी डावीकडे वळते, उजवीकडे वळत नाही. उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं की टायर आतल्या पाट्याला जाऊन अडकायचा. गॅरेजवाला म्हणाला, हे टायर काढा, जरा लहान बघू. सासरे म्हणाले, काढायचे नाहीत. उजवीकडे जायचं असेल तर डावीकडून गोल फिरून जाऊ. "वारा उलटा असला की होडी सरळ जाते काय?" असं त्यांनी विचारल्यावर गॅरेजवाल्याने आपले पाने गोळा करून पिशवीत भरले. माझ्याकडे उत्तर होतं, पण मी नवी सून.

हँडब्रेक लागत नव्हता. त्याची सोय म्हणून होडीचा जुना नांगर हौद्यात टाकला, दोरासकट. गाडी थांबवली की नांगर वाळूत फेकायचा. बॉनेटवर दोन डोळे रंगवले, कारण डोळ्याशिवाय तिला वाट कशी दिसणार? इथवर आल्यावर मी हसणंसुद्धा सोडून दिलं होतं.

नारळी पुनव झाली. होड्या गेल्या आणि त्या ठरलेल्या सकाळी भरून आल्या. सगळं गाव किनाऱ्यावर. गाडी नवरा चालवत होता, बाजूला सासरे उभे, एक हात टपावर. आणि काय सांगू, गाडी गेली हो! वाळूवरून अशी गेली की पोरं ओरडत मागे धावली. होडीपाशी पोचायला उजवीकडे वळायचं होतं, म्हणून तिने डावीकडून अख्ख्या किनाऱ्याला एक फेरी मारली, ती लोकांना मिरवणूकच वाटली. होडीपाशी नांगर पडला. सासऱ्यांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावरून ड्रेस, स्टूल, भिंत सगळं पुसून गेलं होतं. मला रडू आलं, खोटं का बोलू.

मग सासूबाई पहिली पाटी डोक्यावर घेऊन गाडीपाशी आल्या आणि थांबल्या.

हौदा त्यांच्या डोक्याच्या वर होता.

त्यांनी टाचा उंच केल्या. पाटी हौद्याच्या कडेला लागली आणि बर्फाचं पाणी त्यांच्या अंगावर आलं. त्यांच्यामागे बायकांची रांग, सगळ्यांच्या डोक्यावर पाट्या, सगळ्या वर बघतायत. आमच्या पुरुषांनी वाळू बघितली, टायर बघितले, पाटे बघितले. पाटी कुणाच्या डोक्यावरून चढणार ते बघायचं राहिलं. आणि पुरुषांनी वरून पाटी धरून घ्यायची सोय नव्हती. रिवाज!

"सांग तुज्या सासऱ्याला," पाणी निथळत सासूबाई म्हणाल्या, "माडावर म्हावरा चढवायची सवय नाय आमाला."

सासरे गाडीवरून सगळं ऐकत होते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "खणा."

म्हणजे काय, तर गाडी वाळूतून वर राहावी म्हणून एवढी उचलली, तिलाच आता वाळूत पुरायचं. चारी टायरांखाली खड्डे खणले. गाडी हळूहळू खाली आली, हौदा बायकांच्या कमरेला लागला, आणि पाट्या पटापट आत पडायला लागल्या. पापलेट, हलवा, कोळंबी. हौदा गच्च भरला. सासूबाईंनी शेवटची पाटी ठेवून पदर खोचला, म्हणजे त्यांची हरकत नव्हती. आता फक्त गाडी निघायची होती. नवऱ्याने गाडी चालू केली. टायर खड्ड्यात फिरले, वाळू आमच्या तोंडावर आली, गाडी आणखी खाली गेली.

"दोर लावा!" मी म्हणाले. "माल उतरवा!"

"कशाला?" सासरे शांतपणे म्हणाले. "भरती चढतेय. भरतीला उचलंल ती."

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण बाकीची माणसंही माना हलवत होती. जन्मभर त्यांनी वाळूत बसलेल्या, भरलेल्या जड वस्तूचं हेच केलं होतं, पाण्याची वाट बघायची. कुणी विडी पेटवली, कुणी उकिडवं बसलं. माझा नवरा, बँकेतला कारकून, बी.कॉम. झालेला, तोही बसला.

"अहो, ती गाडी आहे!" मी ओरडले. "होडी नाही! गाडी!"

"नवी हाय ती," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. माझ्याबद्दल.

पाणी आलं. टायरांपर्यंत, मग रंगवलेल्या डोळ्यांपर्यंत. इंजिनातून गुडगुड आवाज आला आणि बंद झाला. आणि मग, देवाशपथ सांगते, गाडी हलली. ते ढोले टायर हवेने टम्म भरलेले, हौदा लाकडी. तरंगली असं मी म्हणणार नाही, पण जमिनीवर उरली नाही. खड्ड्यातून उचलली, डुलली, आणि तोंड समुद्राकडे करून निघायला लागली. "उचलली!" सासरे ओरडले, त्यांना कोण आनंद! नांगराचा दोर ताणला गेला म्हणून ती थांबली, नाही तर आमचं वऱ्हाड वसईला पोचलं असतं. बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात शिरून शिव्या घालत पाट्या काढल्या, डोक्यावर घेतल्या आणि रोजच्यासारखी वाळू तुडवत टेम्पोपर्यंत गेल्या. मीही दोन पाट्या नेल्या. मान महिनाभर दुखत होती.

गॅरेजवाल्याने ओहोटीला येऊन इंजिन उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं. खाऱ्या पाण्याने वाट लागली होती. सासरे घरी आले आणि स्वतःच्या हाताने ड्रेस खिळ्यावरून काढला. सासूबाईंना बोलायची ही केवढी संधी! पण त्या चुलीपुढून उठल्या नाहीत आणि माझ्या मार्फतही काही बोलल्या नाहीत.

सकाळी सासरे खाकी घालून निघाले. बायकांचा निरोप आला की किनाऱ्यावरची गाडी हलवा, पाट्या न्यायला वाट राहिली नाही. पुन्हा गाव जमलं, दोर लागले. खाकीतल्या सासऱ्यांनीच स्टिअरिंग धरलं आणि हाळी दिली. गाडी वाळूतून निघाली, चढ चढली, रस्त्याला लागली. तिथे गावात यायला उजवीकडे वळावं लागतं.

उजवीकडे ती वळेना. डावीकडे वळली. डावीकडे त्या शेठचा बंगला. गेटच्या बाजूला, भिंतीला लागून जी जागा होती तिथे जाऊन उभी राहिली, आणि ओढून दमलेली माणसं दोर टाकून घरी गेली. सासऱ्यांची ड्यूटी तिथेच होती, त्यामुळे ते उतरलेच नाहीत.

दुपारी मी डबा घेऊन गेले. स्टूल रिकामं. वर बघितलं तर सासरे पिकअपच्या सीटवर, खाकीत, पाय लांब करून बसलेले. ते उंच पाटे, ते राक्षसासारखे टायर, त्यावर ती सीट. भिंत त्यांच्या कोपराखाली होती. काचांच्या वरून समोर बघत होते.

"बाबा, डबा," मी म्हटलं.

"दिसतंय गो," ते म्हणाले. "सगळा दिसतंय. पार आभाळ टेकतंय तिथपर्यंत."

शेठने गाडी काढायला सांगितली नाही. शूटिंगवाल्यांना ती आवडली, दोनदा तिच्यापुढे नाचही झाला. सासरे तिथून होड्या ओळखायचे. शीड दिसायच्या आधी, नुसत्या डुलण्यावरून. बायका पाट्या घेऊन जाता जाता खाली थांबायच्या, कोण येतंय ते विचारायच्या आणि त्या हिशेबाने वाळूत उतरायच्या. उन्हात ताटकळायचं वाचलं.

सासूबाई मात्र थांबायच्या नाहीत. नाकासमोर बघत जायच्या. मग एकदा, पावसाळा संपता संपता, आम्ही दोघी बरोबर जात होतो. गेटपाशी त्यांचा पाय अडखळला. मला वाटलं, आता "सांग तुज्या सासऱ्याला" येणार. मी सवयीने वर बघून तोंड उघडलंसुद्धा.

सासूबाईंनी मला हाताने बाजूला केलं, डोक्यावरची रिकामी पाटी धरून मान वर केली आणि थेट विचारलं, "अवो, कुनाची होडी येतेय?"